शंभर वावांखालची चूल

कटलर्स आर्म,
१८ जानेवारी १९९९

रोवेना,

कटलर्स आर्ममध्ये जन्मलेल्या आणि आता कटलर्स आर्ममध्ये न राहणाऱ्या सगळ्यांची, म्हणजे तुझीही, माझ्याइतकीच एक तक्रार आहे: आपला मासा संपवला गेला आणि तो संपत असताना आपलं कुणी ऐकलं नाही. माझं, मी फक्त मच्छीमार म्हणून ऐकलं नाही. तुझं, तू फक्त मच्छीमाराची मुलगी म्हणून ऐकलं नाही.

बघ, नऊ वर्षांनी पहिलं पत्र लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य सभेतलं झालं. घरात बोलायची सवय ऑलिव्हबरोबर गेली. तिच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, मातीला तू आलीस तेव्हाही कबरीच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. मला वाटलं होतं, हॉलमध्ये चहाला थांबशील. मी दोन कप भरून घेतले होते.

लिहिण्याचं कारण सांगतो. मासा परत आला आहे. चुलीत.

परवा दुपारी वारा पडला. पलीकडच्या काठावर सरपण बघायला जातो असं ट्रायफीनामावशीला सांगितलं आणि पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र, साउंडर, घेऊन लहान होडी काढली. मावशी ऐंशीची झाली, कान गेले पण डोळे नाहीत. म्हणाली, "सरपणाला साउंडर कशाला नेतोस रे, हेडली? झाडं पाण्यात उगवली का?" मी काहीतरी पुटपुटलो. चुलीची जागा दाखवणाऱ्या किनाऱ्यावरच्या खुणा जुळवल्या. त्या इथे लिहीत नाही. आपल्या घरात त्या कधी कुणी कागदावर लिहिल्या नाहीत आणि तुला त्या माहीत आहेत. अकराव्या वर्षी मीच तुला होडीत उभं करून दाखवल्या होत्या.

वरच्या पाण्यात काही नाही. तीस वाव खोल, पन्नास वाव खोल, काही नाही. शंभर वावांवर पडद्यावर काळा पट्टा उमटला. जाड, सलग, न हलणारा. मी तिथे अर्धा तास तरंगत राहिलो. ते खात नाहीत, पळत नाहीत, नुसते एकमेकांना लागून आहेत. वर पाणी गोठायला आलं आहे, खाली त्या एका खड्ड्यात, आपल्या चुलीत, थोडी ऊब आहे, आणि वसंतापर्यंत दिवस काढायला ते तिथे जमले आहेत. साडेसहा वर्षं मासेमारीला बंदी आहे, आणि साडेसहा वर्षांत मला प्रथमच कुणाच्या तरी शेजारी असल्यासारखं वाटलं.

खाडीच्या उरलेल्या भागात मी दोन दिवस फिरलो. एक ठिपका नाही.

तू एकोणनव्वदच्या हिवाळ्यात तुझ्या सरकारी खात्यासाठी चुलीचा नकाशा केला होतास. तो अजून आहे का? त्यावरून जे झालं ते झालं. ते उकरण्यात अर्थ नाही.

तुझा बाप,
हेडली पेली

•

कटलर्स आर्म,
३ फेब्रुवारी

रोवेना,

उत्तर आलं नाही. टपालाची गाडी बर्फामुळे दोनदा चुकली, तेव्हा मी अजून तुला दोष देत नाही.

चुलीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण साउंडर आता सगळ्यांकडे आहेत. क्लार व्होकी तुला आठवत असेल, तुझ्या वर्गात मागे बसायचा, नाकातून बोलायचा. आता तो मच्छीमार समितीचा अध्यक्ष आहे. माझी खुर्ची त्याच्याकडे गेली. सरकार थोडी मासेमारी खुली करायचं म्हणतं आहे, कुठे आणि कधी ते ठरायचं आहे. क्लारला चूल हवी आहे, तीही हिवाळ्यात. त्याने चाचणीसाठी चार जाळ्यांची परवानगी आणली.

दुकानात मी त्याला म्हटलं, "क्लार, उन्हाळ्यात पकड. तेव्हा ते खाडीभर पसरलेले असतात. चारांतला एक तुझ्या हाती लागेल, तीन सुटतील. आता सगळे एका खोलीत झोपलेत."

"मग बरंच आहे की, काका," तो म्हणाला. "शोधायला तेल जाळायला नको."

दुकानातले सगळे हसले. सगळे म्हणजे पाच जण.

"आणि हेडलीकाका," तो पुढे म्हणाला, "बंद करा, बंद करा हे तुमच्या तोंडी शोभत नाही. आम्ही तुमची भाषणं ऐकत लहानाचे मोठे झालो."

मला उत्तर सुचलं नाही. मला! ज्या माणसाने मंत्र्याला व्यासपीठावरून खाली उतरवलं, त्याला मिठाच्या बरणीशेजारी उभं राहून एक वाक्य सुचलं नाही. घरी येताना सुचली, सात-आठ. ती चुलाणापुढे बोलून दाखवली.

आता गावात नऊ घरांतून धूर निघतो. शाळेच्या खिडक्यांना फळ्या मारल्या. बंदीनंतर सरकारने आम्हाला नवे धंदे शिकवले ते तुला ठाऊक असेलच. एकसष्टाव्या वर्षी मला केस कापायला शिकवलं. प्रमाणपत्र आहे. डोकी नाहीत. पुस्तकं आहेत, संपांची, उठावांची, हरलेल्या लढायांची. ती तिसऱ्यांदा वाचतो आहे, आणि आता मला त्यात भाषणं करणारे कमी दिसतात, भाषणानंतर घरी एकटे परतणारे जास्त दिसतात.

नकाशाचं विचारलं होतं.

हेडली

•

कटलर्स आर्म,
१७ फेब्रुवारी

रोवेना,

काल जे झालं ते तुला कळलंच पाहिजे, मग तू पत्र फोडत असशील किंवा नसशील.

क्लारच्या माणसांनी परवा संध्याकाळी चार जाळी टाकली. वर पाण्यावर बर्फाची लापशी होती. काल सकाळी जाळी ओढली, आणि ती गच्च भरलेली होती. पण जे जाळ्यात अडकले नाहीत ते बिथरले. खालची ऊब सोडून वर आले. वर पाणी इतकं गार, त्यात बर्फाचे कण; त्या कणांना अंग लागलं की मासा जागच्या जागी थिजतो. दहा वाजेपर्यंत कोंबडीच्या खडकापासून धक्क्यापर्यंत पांढरी पोटं तरंगत होती. शेकडो. मोठे, हाताएवढे, मांडीएवढे, असे मासे मी पंधरा वर्षांत पाहिले नव्हते.

आणि गाव नाचत होतं, रोवेना. मी खोटं सांगणार नाही. शेजारच्या दोन गावांतून लोक आले. हातजाळी, बादल्या, मुलांच्या घसरगाड्या, जे मिळेल ते. ट्रायफीनामावशी काठी टेकत धक्क्यावर आली आणि माझ्यावर ओरडली, "दगडासारखा उभा काय राहिलास? टोपली घे! देवानं दारात आणून टाकलंय आणि हा विचार करतोय!"

"मावशी, हे मेलेत."

"मग? जिवंत खातोस का तू?"

कुणीतरी म्हणालं, "पाण्यात मावेना म्हणून बाहेर पडायला लागलेत!" आणि ते वाक्य धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. जो तो तेच म्हणू लागला. मावेना म्हणून बाहेर पडतायत.

मीही टोपली घेतली. साठ मासे आणले. कडक पाव भिजवला, डुकराची चरबी तळली, आणि सात वर्षांनी पोटभर मासा खाल्ला. मला चव लागली. हेही तुला सांगून टाकतो.

मग उरलेले साफ करायला बसलो. पहिल्याच्या पोटात गाबोळी, अंड्यांनी गच्च. दुसऱ्याच्याही. तिसरा नर होता. मी सुरी ठेवली, कॅलेंडरचं पान फाडलं आणि मोजायला लागलो. साठांपैकी एक्केचाळीस माद्या गाबोळीच्या होत्या. मे महिन्यात त्यांनी ती सोडली असती.

आज गावात मी एकटाच गप्प आहे. लोकांना वाटतं मला सर्दी झाली.

हेडली

•

कटलर्स आर्म,
२६ फेब्रुवारी

रोवेना,

तुझं कार्ड मिळालं.

नऊ वर्षांनी तुझं अक्षर. "जाळी किती वाव खोल होती? वरच्या पाण्याचं तापमान किती?" वर नाव नाही, खाली सही नाही. मी ते पाचदा वाचलं. मग उत्तर शोधायला बाहेर पडलो, म्हणजे तू मला कामालाच लावलंस. जाळी पंच्याण्णव वाव. क्लारच्या भाच्याने तापमान टिपलं होतं: शून्याखाली एक पूर्णांक चार. चुलीत काय होतं ते कुणी मोजलं नाही. कुणाला त्याची गरज वाटली नाही.

आता ऐक. परवा चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये समितीची बैठक झाली. अठरा मार्चला सरकारची तीन माणसं सुनावणीला येणार आहेत, त्याआधी गावाचं मत ठरवायचं होतं. क्लार उभा राहिला. माझ्यासारखा उभा राहिला, उजवा हात पट्ट्यात, डावा हात वर. आणि म्हणाला, "माझ्या गुडघ्यापर्यंत मासा आहे, आणि सरकारी बाई म्हणतात मासा नाही!"

हॉल हसला. क्लार माझ्याकडे बघून म्हणाला, "हे वाक्य हेडलीकाकांचं. एकोणनव्वदच्या डिसेंबरात, याच हॉलमध्ये, याच जागी."

ती सरकारी बाई म्हणजे तू; त्या दिवशी तू इथे उभी होतीस. तू एवढंच म्हणाली होतीस, "बाबा, जाळं भरतंय ते मासा खूप आहे म्हणून नाही. जेवढा उरलाय तेवढा सगळा एकाच ठिकाणी गोळा झालाय म्हणून. शेवटच्या माशापर्यंत जाळं भरलेलंच निघेल." आणि मी ते गुडघ्याचं वाक्य फेकलं, आणि लोक हसले, आणि मी त्या हसण्यावर जेवलो, झोपलो.

परवा तेच हसणं मला समोरून ऐकू आलं. आवाज मोठा होता. हॉल मात्र तीन चतुर्थांश रिकामा.

आता जे उकरायचं नाही म्हणालो होतो ते उकरतो.

नव्वदच्या फेब्रुवारीत बाहेरून सात मोठ्या बोटी आल्या. कुठेही शोधाशोध न करता सरळ चुलीवर येऊन उभ्या राहिल्या, आणि नऊ दिवसांत चूल रिकामी केली. गाव म्हणालं, पेलीच्या पोरीने खुणा सरकारी कागदावर उतरवल्या, तिथून फुटल्या. मी मार्चमध्ये हॉलमध्ये उठून म्हणालो, "मला मुलगी नाही. मला एक चोर होती, ती शहरात गेली." तू दाराशी उभी होतीस. हातमोजे घातलेस, एक, मग दुसरा, आणि गेलीस.

तू खुणा कागदावर उतरवल्यास याचा मला राग होता. तो खरा होता. त्या खऱ्या रागाच्या आड मी दुसरं काहीतरी लपवलं.

त्याआधीच्या ऑक्टोबरात शहरात संघटनेचं अधिवेशन होतं. आठशे माणसं. माझ्याआधी एक प्राध्यापक बोलला, किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र कळत नाही असं काहीतरी. मी पेटलो. मी व्यासपीठावर चढलो आणि म्हणालो, "तुमची पुस्तकं मिटा! चर्चचा मनोरा टकल्या डोंगराच्या खांद्यावर आणा, कोंबडीचा खडक मिठाच्या जुन्या गोदामाच्या दारात बसवा, फेब्रुवारीत तिथे शंभर वाव दोर सोडा, आणि मग मला सांगा समुद्र कुणाला कळतो!"

आठशे माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. माझ्या पणज्याने आजाला, आजाने बापाला, बापाने मला होडीत कुजबुजून दिलेल्या खुणा मी टाळ्यांसाठी ओरडून सांगितल्या. आणि मला ते त्या क्षणी कळलंही नाही. एवढंच कळलं की वाक्य जमलं.

ऑलिव्ह सहाव्या रांगेत होती. बोटी आल्या त्या दिवशी ती म्हणाली, "हेडली, पोरीच्या नकाशाला दोष कशाला? तूच बोललास की सगळ्यांसमोर." मी म्हणालो, "गप्प बस." ती गप्प बसली, पाच वर्षं, मरेपर्यंत. तुला तिने कधी सांगितलं का, हे मला माहीत नाही. विचारायचीही हिंमत नाही.

वर लिहिलेल्या खुणा आपल्या घरात पहिल्यांदा कागदावर आल्या आहेत. तुझ्या नकाशाआधी माझ्या तोंडातून, आणि आता माझ्या हातातून.

तुझा बाप

•

कटलर्स आर्म,
८ मार्च

रोवेना,

शुक्रवारी मी हॉलमध्ये उठलो आणि सगळं सांगितलं. अधिवेशन, ते वाक्य, सात बोटी, ऑलिव्ह. हात वर केला नाही, आवाज चढवला नाही. गेल्या पत्रात लिहिलं तसंच सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं साधं भाषण.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

मला शिव्या अपेक्षित होत्या. त्याऐवजी क्लार अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, बसा. बापाचं काळीज आहे, आम्हाला कळतं."

"क्लार, मी खरं सांगतोय."

"हो, हो. लेकीसाठी माणूस काय काय अंगावर घेतो."

मागून कुणीतरी बोललं, "एकटे राहतात हो. ऑलिव्हकाकी गेल्यापासून असंच चाललंय."

मी म्हणालो, "आठशे माणसं होती तिथे! कुणालाही विचारा!"

"कुणाला विचारू, काका?" क्लार म्हणाला. "तुमच्याबरोबर गेलेले चौघे, दोघे मातीत आहेत, दोघे कामासाठी पार अल्बर्टात."

आयुष्यभर मी या लोकांना अर्धवट गोष्टी पूर्ण म्हणून विकल्या आणि त्यांनी त्या टाळ्या वाजवून घेतल्या. एक पूर्ण गोष्ट आणली तर म्हणतात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फक्त ट्रायफीनामावशी, जिला अर्धंच ऐकू आलं असेल, बाहेर पडताना माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "तू खरं बोलत असशील तर नऊ वर्षं मी त्या पोरीच्या नावानं बोटं मोडली. आणि खोटं बोलत असशील तर आज मोडीन, तुझ्या नावानं. खरं कुठलं ते तिलाच विचारते. बोलाव तिला."

तेव्हापासून माझ्याकडे कुणी आलेलं नाही. दुकानात जागा करून देतात, आजारी माणसाला देतात तशी.

मतदान झालं. नऊपैकी आठ घरं हिवाळ्यात चूल उघडा म्हणाली. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांनी डोळ्यांनी पाण्यावर मासा बघितला आहे. सात वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला, समोरचं ताट हेच शेवटचं आहे असं सांगून पटत नाही. मला तू सांगितलं होतंस, तेव्हा मला कुठे पटलं? पण चूल उघडली तर पुढच्या हिवाळ्यात सगळी जाळी एका खड्ड्यात उतरतील, आणि या खाडीत जेवढ्या गाबोळीच्या माद्या आहेत त्या सगळ्या तिथेच असतील. मग तुझी-माझी भांडणं मिटली काय आणि राहिली काय, खाली कुणी नसेल.

काल पुन्हा होडी काढली. पट्टा अजून आहे. पातळ झाला आहे, मधे एक भोक पडल्यासारखं दिसतं, पण आहे. वाचलेले परत खाली गेले आहेत. दुसरी जागाच नाही त्यांना.

सुनावणीचा नियम असा आहे: एका घराला एक वक्ता, दहा मिनिटं. तीन सरकारी माणसं लांबून आलेले कागद पिशवीत टाकतात आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसांची नावं टिपून घेतात. तेव्हा तुझा नकाशा टपालाने पाठवू नकोस. त्यावर तारीख आहे, तो कुलपात कधी ठेवला आणि कधी बाहेर काढला याची नोंद तुझ्या खात्यात असणार; बोटी आल्या तेव्हा तो कुलपातच होता हे तिच्यावरून दिसेल. गेल्या नऊ वर्षांत तू ती नोंद कुणाच्याही तोंडावर फेकू शकली असतीस. का फेकली नाहीस, ते मी विचारणार नाही. मला भीती वाटते की मला ते माहीत आहे.

आज सकाळी क्लार वक्त्यांची यादी घेऊन दारात आला. आत आला नाही. कागद भिंतीला टेकवून धरला आणि म्हणाला, "तुमचं नाव मी लिहूनच टाकलंय, काका. सवयीनं."

मी पेन घेतलं आणि ते खोडलं. पेली घर, वक्ता, या रकान्यात मी लिहिलं: रोवेना पेली.

त्याने ते नाव वाचलं. "ती येणार आहे?"

"माहीत नाही."

"नाही आली तर तुमच्या घराचं कुणीच बोलणार नाही. यादी आज बंद होते. मग तुम्हाला उठता येणार नाही, सांगून ठेवतो."

"नाही उठणार," मी म्हणालो.

त्याला हे पहिल्या कबुलीपेक्षा जास्त खरं वाटलं असावं, कारण जाताना त्याने टोपी काढली.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. ती मागायला मला शब्द लागतील, आणि माझ्या शब्दांचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. घरी ये असंही म्हणत नाही. ट्रायफीनामावशीकडे खोली आहे, ती देते म्हणाली. हॉलमध्ये मी शेवटच्या बाकावर बसेन आणि तू विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. तुला वाटलं तर सगळ्यांसमोर विचार, खुणा कुणी सांगितल्या. मी एका शब्दात उत्तर देईन.

गुरुवार, अठरा मार्च, दुपारी दोन वाजता. कटलर्स आर्मचा पॅरिश हॉल. नकाशा घेऊन ये, पुढे उभी राहा, आणि आपल्या घराची दहा मिनिटं तू बोल.

हेडली पेली